हॉर्न वाजवला होता

मला ग्रीक येत नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी माझी परीक्षा घ्यायला नको. मी जालन्याच्या एका कॉलेजात मराठी शिकवायची, मस्तगडला दोन खोल्या भाड्यानं घेऊन राहायची, आणि ग्रीक म्हटलं की मला शाळेच्या पुस्तकातला घोड्यावरचा सिकंदर तेवढा आठवायचा. तरीही नव्वदच्या दशकाच्या शेवटाला मी चार महिने ग्रीक शब्दांत बुडाले होते.

झालं असं, की आमच्या कॉलेजातल्या इतिहासाच्या सरांकडे एका मराठी कोशाचं काम आलं. जुन्या ग्रीकांचे गुन्हा, दोष, पाप, विटाळ यांबद्दलचे शब्द. प्रत्येकावर छोटी नोंद आणि प्रत्येकाला एक मराठी प्रतिशब्द. सरांनी जाडजूड इंग्रजी ग्रंथ वाचून टिपणं काढली होती. प्रतिशब्दांसाठी त्यांना मराठीवाली बाई हवी होती. "मॅडम, तुम्ही शब्दांच्या घरच्या," असं ते म्हणाले आणि मी फुगले. कुणी हुशार म्हटलं की मी कशालाही हो म्हणते. या रोगानं माझं आयुष्यात बरंच नुकसान केलं आहे आणि माझ्यापेक्षा जास्त दुसऱ्यांचं.

पहिलाच शब्द मिआस्मा. सर टिपण वाचून दाखवायला लागले. माणसाच्या हातून माणूस गेला की हाताला जो डाग लागतो, तो मिआस्मा. मुद्दाम मारलं की चुकून, हा प्रश्न नाही. डाग दोन्हीकडे सारखा. तो माणूस ज्या घरात शिरेल, ज्यांच्या पंगतीला बसेल, त्यांनाही तो लागणार. म्हणून खुनाचे खटले ते लोक उघड्यावर चालवत, आरोपी आणि न्यायाधीश एका छपराखाली यायला नकोत.

मी क्षणाचाही विचार न करता लिहिलं, विटाळ.

सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "मॅडम, माझ्या आज्याचा विटाळ व्हायचा गावाला. त्यानं काय केलं होतं? ह्या ग्रीक लोकायला निदान काहीतरी करावं तर लागायचं." सरांच्या घरानं छप्पन साली बुद्धाचा धम्म घेतला होता. मी शरमून शब्द खोडायला लागले, तर त्यांनी माझा हात थांबवला. "खोडू नका. तेच लिहा, पण खाली टीप द्या, की मराठीत हा शब्द बिनगुन्ह्याच्या माणसांवर वापरून वापरून झिजवलाय." मग त्यांनी चहा मागवला आणि आम्ही पुढच्या शब्दाकडे वळलो.

आमच्याकडे तरी शब्दांचा काय तुटवडा होता? गुन्हा कचेरीतला, निजामाच्या काळापासून कागदावर बसलेला. कसूर त्याचा धाकटा भाऊ. पाप देवळातलं. दोष पंचांगातला. आणि हत्या घरातली. मांजर मेली तरी लागते. कावळ्याला तर आमच्याकडे भारी अधिकार. तो बाईला शिवला तर बाई चार दिवस बाहेर, आणि पिंडाला शिवला नाही तर मेलेला माणूस अडकून. सर हसले आणि म्हणाले, की हे सगळं वहीत उतरवून ठेवा. मी वहीत उतरवलं, पण माझ्या हसण्यातली हवा तोपर्यंत गेली होती. कारण कावळ्याचं नाव मीच काढलं होतं आणि मला माझा दादा आठवला होता.

दादा माझ्याहून पाच वर्षांनी मोठा. आमचं गाव जाफराबादपासून दोन कोसांवर. जालना जिल्हा होऊन पाच-सहा वर्षं झाली असतील, तेव्हा वडिलांनी त्याला जुनी जीप घेऊन दिली आणि तो जाफराबाद ते जालना शिटा भरायला लागला. रंगेल नव्हता, पण पान खायचा आणि गाडी चालवता चालवता मोठमोठ्यानं बोलायचा. म्हाताऱ्या बायका त्याच्याच गाडीची वाट बघायच्या, कारण तो त्यांची गाठोडी स्वतः उतरवून द्यायचा.

एका बाजाराच्या दिवशी, जाफराबादला, भर उन्हात, जीप उभी होती. आमच्याकडे उन्हाळ्यात झाडं कमी आणि माणसं जास्त; ज्याला जिथे सावली सापडेल तिथे तो टेकतो. एक तरणा माणूस, बायको-लेकराचा, जीपच्या मागच्या चाकाला टेकून बसला आणि त्याचा डोळा लागला. दादानं टपरीवर पान खाल्लं, थुंकला, गाडीत बसला, चावी फिरवली आणि गाडी मागं घेतली.

एवढंच. सांगायला एक वाक्य पुरतं.

मी तेव्हा नुकतीच एम.ए. झाले होते आणि नोकरी लागून दोन महिने झाले होते. घरात कागद वाचता येणारी, साहेबांशी बोलता येणारी मी एकटी. दादा जामिनावर सुटला तो भिंतीकडे तोंड करून बसला. वडील तर बोलायचेच बंद झाले. सगळी सूत्रं माझ्या हातात आली, आणि खोटं कशाला बोलू, भीतीच्या जोडीला मला थोडा रुबाबही वाटत होता. वकील मी शोधला. वकिलानं पहिल्या भेटीत दोन गोष्टी सांगितल्या. एक, मेलेल्याच्या घराची पायरी चढायची नाही, सांत्वनालाही नाही. गेलात की गुन्हा कबूल केल्यासारखं होतं. दोन, हॉर्न वाजवला होता का, यावर सगळी केस आहे.

"न्हाई वाजवला, बाई," दादा मला म्हणाला. लहानपणापासून तो मला बाईच म्हणतो. "बाजाराच्या गलबल्यात ध्यानातच आलं न्हाई."

"वाजवला होतास," मी म्हणाले.

दहाव्या दिवशी सकाळी मेलेल्याच्या गावचा एक वयस्कर माणूस सायकलवर आला. दारातच उभा राहिला, आत आला नाही, पाणी घेतलं नाही. म्हणाला, "पूर्णेच्या काठाला पिंड ठेवून दोन घंटे झाले. कावळे झाडावर बसून राह्यले, पण खाली येईनात. त्याची माय म्हणती, ज्याच्या हातून गेला त्याला बोलवा. त्यानं यावं, दोन शब्द बोलावं. कोणी हात लावणार न्हाई, माझी जबान."

दादा उठला आणि त्यानं चपला घातल्या. दहा दिवसांत पहिल्यांदा तो कुणी न सांगता उठला होता. मी दारात आडवी झाले. वकिलाची वाक्यं मी जशीच्या तशी म्हणून दाखवली. पाठांतर माझं चांगलं होतं. "आणि कावळ्यावर काय केस चालते का, दादा?" असंही वर म्हणाले. शिकलेल्या माणसाचा माज बोलतो तेव्हा असाच बोलतो. दादानं वडिलांकडे पाहिलं, वडील जमिनीकडे पाहत राहिले. दादानं चपला काढल्या आणि तो माणूस सायकल वळवून गेला.

नंतर कळलं, की ऊन वर आल्यावर भटजीनं दर्भाचा कावळा केला. गवताची काडी मुरडून चोच करायची, पिंडाला टेकवायची आणि शिवला म्हणायचं. शास्त्रात तशी सोय आहे.

तारीख लागेपर्यंत मी दादाकडून ते वाक्य पाठ करून घेतलं. रविवारी मी गावी यायची, ओसरीवर त्याला समोर उभं करायची आणि विचारायची, "गाडी मागे घेण्यापूर्वी तुम्ही काय केलं?" तो गप्प राहायचा. मी पुन्हा विचारायची. शेवटी तो जमिनीला सांगितल्यासारखं म्हणायचा, "हॉर्न वाजवला होता, साहेब." मी म्हणायची, वर बघून म्हण. पाढे घोकून घ्यावेत तसे मी ते चार शब्द त्याच्याकडून घोकून घेतले.

तालुक्याच्या कोर्टात त्यानं ते वर बघून म्हटलं. बाजाराच्या आवाजात हॉर्न वाजला की नाही हे साक्षीदारांना छातीठोक सांगता येईना. मग आमचा वकील उठला आणि त्यानं विचारलं, "हॉर्न वाजवूनही जो माणूस जागचा हलत नाही, तो शुद्धीत होता काय?" मागच्या बाकावर मेलेल्याची आई डोक्यावरचा पदर घट्ट धरून बसली होती. मला तो प्रश्न तेव्हा फार हुशार वाटला. संशयाचा फायदा देऊन दादाची निर्दोष मुक्तता झाली. मी पेढे आणले. दादानं पेढा हातात घेतला, पाहिला आणि म्हणाला, "बाई, कोर्टानं बी गवताचाच कावळा शिववला."

त्यानंतर तो गाडीला शिवला नाही. वडिलांनी जीप विकली तीही जवळपास नाही, पार बुलढाणा जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला. पुढे सरांच्या टिपणात वाचलं, की ग्रीक लोक ज्या वस्तूनं माणूस मरे त्या वस्तूवरही खटला चालवत आणि दोषी ठरली की तिला सीमेबाहेर फेकून देत. जीप तेवढी सीमेपार गेली. दादा शेतात राबायचा, पण बैलगाडी असली तरी तो तिच्यात बसायचा नाही, बैलांच्या बाजूनं चालायचा. आपल्या पोरांना त्यानं कधी हातानं घास भरवला नाही. आणि राखीला मी गेले की तो डावा हात पुढे करायचा. "उजव्याला नको, बाई." मी चिडायची, रागवायची, आणि शेवटी डाव्या हातालाच राखी बांधून जालन्याला परत यायची. बारा वर्षं असं चाललं. माझ्या हातात काही नव्हतं, असं मी म्हणायची. खरं म्हणजे जे होतं ते मी उघडून पाहत नव्हते.

तर सर आणि मी शब्द लावत होतो. हामार्तिया: नेम धरून सोडलेला बाण चुकणं, त्यावरून माणसाची चूक. आगोस: जो देवाधर्माची मर्यादा मोडतो त्याच्या मानेवर बसलेला कोप. आइतिया: कारण आणि दोष, दोन्हींना एकच शब्द. मग एका दुपारी आयदेसिस आला. सर वाचायला लागले. ज्याच्या हातून चुकून माणूस गेला त्यानं देश सोडायचा. त्याला परत यायची वाट एकच. मेलेल्याच्या बापानं, भावांनी, लेकरांनी, सगळ्यांनी मिळून त्याला पदरात घ्यायचं. एक जण जरी नाही म्हणाला, तरी त्या एकाचंच चालायचं.

"आणि कोर्टानं सोडलं असेल तर?" मी विचारलं.

"कोर्टाचं काय काम इथं, मॅडम? रक्त ज्याचं गेलं त्यानंच सोडायचं. तुमच्याकडं दुश्मनीतली दोन घरं पुन्हा एक होतात तेव्हा काय म्हणतात?"

"एकमेकांच्या घरचं पाणी प्यायला लागले, असं म्हणतात," मी म्हणाले आणि स्टाफरूममध्ये, दोन प्राध्यापक वर्तमानपत्र वाचत असताना, मला रडू फुटलं.

सरांना मी सगळं सांगितलं. जीप, सावली, दहावा, दर्भाचा कावळा. ओसरीवरचं पाठांतर मात्र सांगितलं नाही. "वकिलानं शिकवलं" असं म्हणाले. सर एवढंच म्हणाले, "ती माय जिवंत आहे का बघा. असंल तर जाऊन या."

ती जिवंत होती. सुनेनं दुसरं घर केलं होतं, नातू तिकडेच होता, आणि म्हातारी परतूर तालुक्यात, आष्टीला, लेकीकडे राहत होती. मी दादाला विचारलं तेव्हा वाटलं, तो नाही म्हणेल. तो आत गेला, धुतलेला सदरा घालून आला आणि चपला घातल्या. या खेपेला मी दारात नव्हते.

परतूरपर्यंत एसटीनं गेलो. पुढे जीप होती. दादा जीपमध्ये बसण्याआधी खाली वाकला आणि त्यानं चारी चाकांमागं पाहिलं. ड्रायव्हर हसला.

म्हातारी ओट्यावर सुपात तूर निवडत बसली होती. डोळ्यांना कमी दिसत असावं, कारण खडा ती बोटांनीच शोधत होती. दादा ओट्याखाली उन्हात उभा राहिला.

"कोण म्हणावं?"

"जाफराबादच्या बाजारातली जीप," दादा म्हणाला. "मी तिचा डायवर, मावशे. संगं माही बहीण."

ती थोडा वेळ निवडतच राहिली. मग म्हणाली, "दहाव्याला काहून आला न्हाईस?"

"चुकलो."

"मी सगळ्यायला म्हणले, थांबा, येईन त्यो. बिलकुल येईन. उन्हं डोक्यावर आली. मंग गवताचा कावळा केला त्यांनी. गवताच्या कावळ्यानं कुठं पोट भरतंय का, बाबा? त्या दिवशी माह्यापाशी होतं तुला द्यायला. आता मीच धुंडते, तर सापडत न्हाई."

दादा मान खाली घालून ऐकत होता. त्याला बस म्हणायला कुणी नव्हतं आणि मी म्हणणारी कोण?

"एक मातर सांग," ती म्हणाली. तिनं सूप खाली ठेवलं. "हॉर्न वाजवला होतास का?"

तेरा वर्षं होत आली होती. कागद कुठल्या कुठे गेले असतील, वकीलही म्हातारा झाला होता. आता त्या वाक्याला कोण विचारतं, असं मला वाटायचं. दादानं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"न्हाई वाजवला."

म्हातारी भिंतीला धरून उठली. "अगं ए, बाहेर ये," तिनं लेकीला हाक मारली, आणि शेजारच्या दोघी-तिघींना. "या गं इकडं. ऐका, ह्यो काय म्हणून राह्यला. बोल, बाबा. मोठ्यानं बोल."

"हॉर्न वाजवला नव्हता," दादा मोठ्यानं म्हणाला. त्याचा आवाज फाटला. "त्यो नुसता झोपला होता. मी बघितलं न्हाई. कसूर माहा."

म्हातारी खाली बसली आणि पदरात तोंड घालून रडायला लागली. तिची लेक म्हणाली, "गावानं बेवडा ठरवला हो माह्या भावाला. त्याच्या लेकराला अजून पोरं बेवड्याचं म्हणतेत. कोर्टात निघालं म्हणल्यावर खरंच असंल, म्हणले समदे."

"आंघोळ घालायच्या आधी मीच त्याचं तोंड पुसलं होतं," म्हातारी म्हणाली. "वास नव्हता. पर कोर्टात साहेब तसं बोलला, तवापासून मलाच वाटायलं, माहं नाकच खोटं असंल. पोटच्या लेकरावर संशय घेतला म्या. इतकी वर्सं."

दादाला डाग लागला होता तो मला रोज दिसत होता. मेलेल्याला लावलेला डाग मात्र मी कधी पाहिलाच नव्हता, आणि तो चाकानं लागलेला नव्हता, माझ्या चार शब्दांनी लागला होता. मला पळून जावंसं वाटलं.

म्हातारीनं डोळे पुसले. "माफी-बिफी मला कळत न्हाई," ती दादाला म्हणाली. "इतक्या लांबून आलास, पाणी पे." लेकीनं तांब्या आणला. म्हातारीनं तो स्वतः हातात घेतला, दादानं ओंजळ पुढे केली, दोन्ही हातांची, आणि ती ओतत राहिली, तो पीत राहिला. कोपरांवरून पाणी सदऱ्यात गेलं तरी त्यानं ओंजळ मोडली नाही.

मग तिनं विचारलं, "असं खोटं बोलायला तुला शिकवलं कोणी?"

मी तोंड उघडलं. खरंच उघडलं होतं. वहीत माझ्याकडे चांगले सात ग्रीक शब्द होते, मराठी तर विचारूच नका. पण त्या क्षणी जिभेला एकही सुचला नाही.

"वकिलानं," दादा म्हणाला.

"ज्यानं कोणी शिकवलं, त्याचं बोलणं त्यालाच खावो," म्हातारी शांतपणे म्हणाली. मग तिनं पेल्यात पाणी ओतलं आणि तो माझ्यापुढे धरला. "पे माय. तू बहीण ना त्याची? त्याला घेऊन आलीस, लई पुण्याचं काम केलंस."

मी पाणी प्यायले.

परतीच्या वाटेवर दादाला झोप लागली. त्याचं डोकं माझ्या खांद्यावर पडलं होतं. परतूरला उतरल्यावर मी म्हणाले, "दादा, मी सांगायला पाहिजे होतं." तो म्हणाला, "राहू दे, बाई. मी म्हणलो होतो ना तोंडानं, मंग खोटं माहंच." त्या वर्षी राखीला त्यानं आपण होऊन उजवा हात पुढे केला. मी बांधली, पण माझ्याकडून गाठ नीट बसेना आणि वहिनीला येऊन ती बांधावी लागली.

आष्टीला एकटीनं जाऊन यायचं, असं मी ठरवलं होतं. दिवाळीच्या सुट्टीत जाऊ म्हटलं, मग नाताळात, मग परीक्षा झाल्यावर. कोशाच्या नोंदी सरांनी धाडून दिल्या. आयदेसिससमोर आम्ही शेवटपर्यंत एक शब्द लिहू शकलो नाही, अर्ध्या ओळीचं स्पष्टीकरण लिहिलं. उन्हाळ्यात म्हातारी गेल्याचा निरोप आला.

दादा दहाव्याला गेला होता. परत येताना जालन्याला माझ्या खोलीवर थांबला, चहा प्यायला आणि म्हणाला, "पिंड ठेवला न ठेवला, कावळा शिवला बघ. म्हातारीचं कुणाकडं काही राह्यलं न्हाई."

मी गेले नव्हते. पेपर तपासायचे आहेत, असं मी त्याला सांगितलं होतं.